रेडिएटरकडं

माझ्या वडिलांनी वाचलेलं माझं पहिलं भाषांतर अकरा पानांचं आहे, आणि ते एका लहान बुलडोझरचं इंजिन थंड ठेवण्याविषयी आहे. त्याआधी माझी सहा पुस्तकं त्यांच्या टीव्हीशेजारच्या कपाटात होती. कन्नडमधून मराठीत आणलेल्या कादंबऱ्या, एक कथासंग्रह. पाहुणे आले की आप्पा एखादं पुस्तक काढत, मलपृष्ठावरचा माझा फोटो दाखवत आणि पुस्तक जागेवर ठेवत. एकही त्यांनी उघडून वाचलं नाही. मला याचं वाईट वाटायचं, पण फार नाही. आपलं लेखन आईवडिलांसाठी नसतं, असं मी हैदराबादला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना स्वतःला समजावून ठेवलं होतं.

आप्पा निपाणीजवळच्या खेड्यातले. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले आणि 1974 साली म्हैसूरला, यादवगिरीतल्या आयडियल जावाच्या कारखान्यात लागले. तिथे आधी जावा आणि पुढे येझदी मोटरसायकली बनत. 1996मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आप्पांनी नंतर गॅरेज काढलं, बारा-तेरा वर्षं चालवलं, मग डोळे अधू झाले तसं तेही सोडलं. घरी आम्ही निपाणीची मराठी बोलतो, दाराबाहेर कन्नड. आप्पांना कन्नड वाचता येतं, पण दुकानाच्या पाटीएवढंच. मोठा मजकूर असला की म्हणतात, "मराठीत आसंल तर दे."

2018च्या शेवटी माझ्या धाकट्या भावाने एक जुना लहान बुलडोझर लिलावात घेतला. चेनवर चालणारा, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोन वर्षं एकाच जागी उभा. पंख्याचं एक पातं मोडलेलं, रेडिएटरच्या खालच्या टाकीला वेल्डिंगची ठिगळं. भावाचा हिशोब सरळ होता. म्हैसूर आणि मंड्याच्या बाजूला गावोगाव तळी आहेत, इकडे त्यांना केरे म्हणतात. उन्हाळ्यात ती आटली की तळातला गाळ काढायची कामं निघतात, आणि शेतकरी तो गाळ शेतात टाकायला नेतात. मार्च ते मे एवढाच हंगाम. जूनमध्ये पाऊस आला की संपलं. टी. नरसीपूर तालुक्यातल्या एका केरेचं काम त्याला मिळणार होतं आणि कर्जाचा हप्ता मार्चपासूनच सुरू होत होता.

यंत्राबरोबर एक लॉगबुक आलं होतं. त्यात आधीच्या ऑपरेटरने कन्नडमध्ये पानोपानी एकच वाक्य लिहिलेलं: नीरु कुदियुत्तिदे. पाणी उकळतंय. भावाने ठरवलं की इंजिन उघडलंच आहे, तर थंड ठेवायची सगळी व्यवस्थाच सुधारून घ्यायची. मूळ जपानी मॅन्युअलच्या इंग्रजी भाषांतराची एक झेरॉक्स त्याने कुठूनशी मिळवली आणि आप्पांकडे गेला. आप्पा म्हणाले, "मोटरसायकलीचं इंजिन वाऱ्यावर थंड हुतंय. हे पाण्याचं. मला वाचायला पायजे." मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

म्हैसूरला भाषांतराची वानवा नाही. मानसगंगोत्रीत 1969 पासून भारतीय भाषा संस्थान आहे, राष्ट्रीय अनुवाद मिशनचं कामही तिथूनच चालतं. परिभाषेच्या कार्यशाळांना मी तिथे जाऊन आलेली आहे. त्याच जोरावर मी पहिली तीन पानं केली: रेडिएटरला विकिरक, कूलंटला शीतक. आप्पांनी चष्म्यावर भिंग धरून वाचलं आणि विचारलं, "शीतक म्हंजे काय गं? रसवंतीवाला बर्फ घालतोय ते?" मी सगळं खोडून पुन्हा लिहिलं. पुढे वाचताना कळलं की विकिरक तर चुकीचाच, आणि इंग्रजी नावही तसं फसवंच आहे. रेडिएटर उष्णता विकिरणाने टाकतो ती थोडी. बहुतेक उष्णता त्याच्या पन्हाळ्यांमधून जाणारी हवा घेऊन जाते. हवा हलली नाही, तर तो नुसता गरम पाण्याचा डबा.

ती अकरा पानं करताना मला जे समजलं ते असं. डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामाला येतो. साधारण तेवढीच धुराड्यातून जाते आणि उरलेली बहुतेक इंजिनाच्या भिंतींमधून पाण्यात उतरते. ते पाणी पंप फिरवतो, रेडिएटरमध्ये हवा त्याला थंड करते आणि ते परत इंजिनात येतं. मध्ये एक झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाणी आतल्या आखूड वाटेने फिरतं. इंजिन तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे पाठवते.

आमच्या यंत्रात ती झडपच नव्हती. तिच्या घरात हात घालून आप्पा म्हणाले, "दारच काढून ठेवलंय." इंजिन तापायला लागलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. अडथळा गेला की पाणी मोकळं वाहील, असा त्यामागचा विचार. पण काही इंजिनांत तीच झडप उघडताना आखूड वाट बंद करते. ती काढली की आखूड वाट कायमची उघडी राहते, आणि बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच गरमच्या गरम परत फिरतं. उकळणं थांबवायला केलेला उपाय उकळण्याचंच कारण होऊन बसतो. मॅन्युअलमध्ये एवढं एका वाक्यात होतं. मी मराठीत चार वाक्यं केली. आप्पांनी मान हलवली. मला इतका आनंद कुठल्याही परीक्षणाने झालेला नव्हता.

मग काम सुरू झालं. म्हैसुरात अवजड यंत्रं जाणणारी माणसं मिळतात, कारण बेमलचा डंपर आणि इंजिनांचा कारखाना इथेच आहे. त्यांचे बुलडोझर मात्र केजीएफला, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात बनतात. बन्नीमंटपजवळच्या एका रेडिएटरवाल्याकडे जुना कोर उघडला तर नळ्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. हा थर उष्णता अडवतो. किटलीच्या तळाशी साठतो तोच. तीन ओळींच्या नळ्यांऐवजी चार ओळींचा तांब्या-पितळेचा नवा कोर घालायचं ठरलं. रेडिएटरवाला दखनीत म्हणाला की पन्हाळ्या दाट घालतो, जास्त गार होईल. आप्पा नको म्हणाले. दाट फणी लवकर भरते. केरेच्या तळाशी धुरळा असणार, पन्हाळ्या विरळच हव्यात. हे माझ्या कागदात नव्हतं, त्यांचं त्यांनीच काढलं होतं.

टोपणही नवं, 0.9 किलो दाबाचं. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच आहे, इथे उघडं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. बंद टोपणाखाली दाब वाढतो आणि उकळायची पातळी साधारण 20 अंशांनी वर जाते. नवा थर्मोस्टॅट, नवा पट्टा, साध्या पाण्याऐवजी निम्मं कूलंट. राहिला पंखा. चार पात्यांच्या मोडक्या पंख्याजागी सहा पात्यांचा घ्यायचा होता. भाऊ त्यासाठी बंगळूरला जे. सी. रोडवर गेला आणि दुकानातून त्याने मला फोन केला.

"अक्का, हा विचारतोय, खेचणारा पाहिजे की फेकणारा? तुझ्या कागदात काय आहे?"

मी चौथं पान काढलं आणि वाचून दाखवलं: पंखा रेडिएटरमधून हवा आत घेतो.

"मग खेचणारा," तो म्हणाला.

मूळ इंग्रजी वाक्य ओबडधोबड होतं. जपानीतून येताना त्याचे सांधे निखळलेले. पंखा, हवा, सोडतो आणि रेडिएटर असे शब्द होते आणि मध्ये एक चिमुकलं शब्दयोगी अव्यय. मी ते नीट बघितलं नाही. मोटारीचा पंखा समोरची हवा जाळीतून आत खेचतो, हे मला माहीत होतं. आमच्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर मी ते पाहिलेलंही होतं. म्हणून वाक्यात जे होतं त्याऐवजी वाक्यात जे असणार असं मला वाटलं, ते मी लिहिलं. कादंबरी करताना हे कितीदा झालं असेल, मला सांगता येणार नाही. तिथे वाक्य गोड झालं की चूक त्यात मुरून जाते.

अशा चेनवाल्या बुलडोझरांत पंखा बहुधा उलटा असतो. तो इंजिनाच्या बाजूची हवा रेडिएटरकडे ढकलतो आणि समोरून बाहेर फेकतो. कारण समोर फावडं असतं, तिथे सगळी धूळ उडते. ती धूळ आत ओढायची नसते. शिवाय गरम हवा ऑपरेटरच्या तोंडावर येत नाही.

घराजवळच्या मोकळ्या जागेत वीस मिनिटं चालवून पाहिलं तेव्हा काटा हिरव्या पट्ट्यात स्थिर होता. तिथे धूळ नव्हती. केरेत काम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, एप्रिलच्या दुपारी, काटा तांबड्यात गेला. वाळलेला गाळ पिठासारखा उडत होता आणि आमचा नवा सहा पात्यांचा पंखा तो जोमाने खेचून नव्या कोरमध्ये भरत होता. कन्नडमध्ये वाऱ्याला गाळि म्हणतात. गाळि आणि गाळ हे दोन शब्द मी आयुष्यभर शेजारी शेजारी वापरत आले. त्या दिवशी ते एकत्र आले.

ऑपरेटर नंजनगूडकडचा, पंचविशीतला मुलगा. भाऊ जेवायला गेला होता. मुलाने इंजिन बंद केलं, पाणी कमी झालं असेल म्हणून बॉनेटवर चढला आणि टोपण फिरवलं. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर होतं, केवळ दाबामुळे ते पाणी राहिलं होतं. टोपण सैल होताच त्याची वाफ झाली. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली.

मी इस्पितळात पोचले तेव्हा त्याची आई बाहेर बाकावर बसली होती. तिने मला भावाची बायको समजून विचारलं की यंत्र बिघडलं का. मी नाही म्हणाले. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा केरेवर आले. यंत्र चालू करायला लावलं आणि खिशातला रुमाल जाळीसमोर धरला. रुमाल जाळीला जाऊन चिकटला. ते काही बोलले नाहीत. तिथून तसेच रेडिएटरवाल्याकडे गेले. मोडीत पडलेला जुना कोर त्यांनी पालथा करून उन्हात धरला आणि मला बोलावलं.

"हिकडं बघ. तेलकट काजळी कुठल्या बाजूला हाय?"

काजळी इंजिनाच्या बाजूला होती, कापसासारख्या धाग्यांसकट पन्हाळ्यांत बसलेली. फावड्याची बाजू मानाने स्वच्छ.

"म्हंजे हवा कुठनं कुठं जात हुती?"

"आतून बाहेर."

"हेच्यावर लिवलेलं हुतं की सगळं," ते म्हणाले. "मीबी वाचलं न्हाई. तुज्या कागदावर भरवसा ठेवला."

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. ते स्वतःकडे वाटणी घेत होते, चूक अर्धी अर्धी करत होते. मला ती अर्धी नको होती. घरी जाऊन मी मॅन्युअलचं ते पान काढलं. वाक्याखालीच आकृती होती, तीत पंख्यापासून रेडिएटरकडे जाणारा बाण स्पष्ट होता. भाषांतर करायला त्यात शब्द नव्हते, म्हणून मी आकृतीकडे पाहिलंच नव्हतं.

मग मी सातवं पान काढलं. तिथे सावधानतेची सूचना होती: इंजिन गरम असताना टोपण उघडू नये; आधी पाच मिनिटं मंद गतीवर चालू ठेवून मग बंद करावं, हात लावण्याइतकं गार होऊ द्यावं, मग टोपण सावकाश सैल करून दाब जाऊ द्यावा. हे मी अचूक केलं होतं. एका शब्दाचीही चूक नव्हती. फक्त ते मराठीत होतं. आप्पांना ते आधीच माहीत होतं. टोपणावर ज्याचा हात जाणार होता त्याला मराठी येत नाही, आणि इंग्रजीही नाही. मी रोज कन्नडमधून मराठीत येते, ते माझं पोट आहे. ती चार वाक्यं उलट दिशेने न्यावीत, हे अकरा पानांच्या कामात मला एकदाही सुचलं नाही.

पंख्याच्या चुकीला भाषांतराची चूक म्हणतात, तिला शिकवायच्या पुस्तकांत जागा आहे. या दुसऱ्या चुकीला काय म्हणायचं, हे मला अजून सापडलेलं नाही. वाचक कोण, या प्रश्नावर आम्ही वर्गात निबंध लिहायचो. त्या वाचकाला कोपर असतं आणि ते भाजतं, असं आमच्या निबंधांत कुठे नव्हतं.

फेकणारा पंखा मिळून तो बसायला नऊ दिवस गेले. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडंही आप्पांनी नव्याने करून घेतलं. जुनं इतकं ढगळ होतं की हवा कोरमधून न जाता कडेने परत फिरत होती. पाती निम्मी कड्यात, निम्मी बाहेर, असं बसवून घेतलं. कोर मागून पाण्याने धुतला, फार जोराने नाही, नाहीतर पन्हाळ्या वाकतात. पुन्हा रुमाल धरला तेव्हा तो त्यांच्या हातातून सुटून फावड्याच्या दिशेने उडाला. मे महिनाभर काटा तांबड्यात गेला नाही. पाऊस आला तेव्हा केरेचं दोन तृतीयांश काम झालं होतं. उरलेलं राहिलं आणि त्याचे पैसेही राहिले.

मुलाचा हात बरा झाला. बोटं चालतात, कोपराजवळची कातडी मात्र आखडलेली आहे. खर्च भावाने दिला, त्या आठवड्यांचा पगारही. मी इस्पितळात तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याला पंख्याचं सांगितलं, कागदाचंही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही हे काम नेहमी करता?" मी हो म्हटलं. "मग आता जास्त बघून करा," तो म्हणाला. तो कामावर परत येणार म्हणाला तेव्हा मी बॉनेटवर रंगवायला कन्नडमध्ये एक सूचना लिहून नेली: बिसि इरुवाग मुच्चळ तेगेयबेडि. गरम असताना झाकण काढू नये. शुद्ध, आदरार्थी, संस्थानाच्या कुठल्याही कार्यशाळेत चालेल अशी. त्याने वाचली आणि हसला. म्हणाला, अशी पाटी बँकेत असते, कोण वाचतं? मग डाव्या हाताने, लाल रंगात त्याने स्वतःच लिहिलं: बिसि नीरु. मुट्टबेड. गरम पाणी. शिवू नको. ती पाटी अजून आहे. दर उन्हाळ्याला रंगाचा नवा हात मिळतो.

त्या पावसाळ्यात मी अकरा पानं पुन्हा केली. या वेळी दोन भाषांत, आकृत्यांसह. मराठी प्रत आप्पांना तपासायला दिली. माझं हस्तलिखित कोणी तपासायचं असलं की मी अस्वस्थ होते, पण इतकी कधीच झाले नव्हते. चार दिवसांनी पानं परत आली. शिसपेन्सिलीने जागोजागी खुणा होत्या. पट्टा किती ताणायचा तिथे त्यांनी कडेला लिहिलं होतं, 'आंगठ्यानं दाबून अर्धा इंच'. चौथ्या पानावरचं वाक्य मी दुरुस्त करून 'पंखा हवा रेडिएटरकडे ढकलतो' असं केलं होतं. त्यातला 'कडे'चा एकार त्यांनी खोडला होता आणि वर अनुस्वार दिला होता. रेडिएटरकडं.

मी सवयीने प्रमाण भाषेची बाजू घेतली. म्हटलं, आप्पा, लिहिताना कडेच लिहितात.

"कोण वाचणार हाय हे?"

"तुम्ही."

"मग?"

कन्नड प्रत यंत्राच्या हत्यारपेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. मराठी प्रत आप्पांकडे, टीव्हीशेजारच्या कपाटात, माझ्या पुस्तकांच्या वर आडवी ठेवलेली. पाहुण्यांना ते आता तीही दाखवतात. त्यावर माझा फोटो नाही, म्हणून चौथं पान उघडतात.